नबीसाबांचा पोर्तुगाल

सोलापुरात बेगम पेठेत नबीसाब शेख यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान रुंदीला सहा फूट आणि खोलीला चौदा. त्यात पुढे काउंटर, काउंटरमागे नबीसाब आणि नबीसाबांच्या मागे भिंतीला टेकून रांगेनं उभे असलेले आजारी टीव्ही. या दुकानात बसून नबीसाबांनी तेरा देश बघितले. तेराच का, तर त्यांच्या पेनड्राइव्हवर तेराच होते.

त्याचं असं झालं. दुरुस्त केलेला टीव्ही गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी चार तास चालवून बघायचा, हा नबीसाबांचा नेम. पाच मिनिटं नीट चालणारा टीव्ही घरी गेल्यावर दगा देतो, हे त्यांनी उमेदीच्या काळातच ओळखलं होतं. पण चार तास लावायचं काय? बातम्या लावल्या तर पडद्यावर लालच लाल. क्रिकेट लावलं तर हिरवंच हिरवं. मालिकेतल्या बायकांच्या तोंडावर इतके थर की त्यांचा खरा रंग त्यांच्या नवऱ्यांनाही माहीत नसावा. रंग तपासायचे तर माणसाची कातडी, पाणी, झाडपाला आणि एखादा खायचा पदार्थ एवढं तरी समोर हवं, आणि हे सगळं एकाच जागी फक्त परदेश दाखवणाऱ्या कार्यक्रमात मिळतं. पंधरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं तसल्या कार्यक्रमाचे तेरा भाग त्यांना पेनड्राइव्हवर भरून दिले. एकेक भाग वीस मिनिटांचा. तेरा देश संपले की चार तास वीस मिनिटं होत. तेव्हापासून बेगम पेठेतला प्रत्येक दुरुस्त टीव्ही जगाची फेरी मारूनच घरी गेला.

रोज एक-दोन टीव्ही म्हटले तरी पंधरा वर्षांत नबीसाब जपानला किती वेळा जाऊन आले याचा हिशेब नाही. पेरूतल्या कुठल्या बाईच्या टोपीला लाल गोंडा आहे, नॉर्वेतला होडीवाला दोर कुठल्या हातानं सोडतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. पेठेतलं कुणी परदेशी निघालं की आधी नबीसाबांकडे यायचं. शेजारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकणाऱ्या आप्पांचा पुतण्या इंद्रजीत नोकरीसाठी जर्मनीला निघाला, तेव्हा आप्पा त्याला हाताला धरून घेऊन आले. नबीसाबांनी चष्मा पुसला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "जर्मनीचा आपला अभ्यास न्हाय. शेजारच्या स्वित्झर्लंडचं सांगतो, त्यावरनं अंदाज घे." इंद्रजीतनं अंदाज घेतला. तो अजून तिकडंच आहे.

तेरा देशांत नबीसाबांचा जवळचा देश पोर्तुगाल. पोर्तुगालच्या भागात अकराव्या मिनिटाला एक पाववाला येतो. पोर्टो नावाच्या गावात, निळ्या फरशांच्या भिंतीच्या बोळात त्याचं दुकान. दारावर सतरा नंबर. म्हातारा गुटगुटीत, गाल तांबूस, भुवया पांढऱ्या. तो लांब दांड्याच्या फळीवरून भट्टीतला तपकिरी पाव बाहेर काढतो, त्याच्यावर बोटानं टिचकी मारतो, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसतो. या माणसाच्या गालांवर नबीसाब टीव्हीचे रंग लावत. गाल फार लाल दिसले तर लाल कमी करायचा, पिवळे दिसले तर निळा वाढवायचा. पाववाल्याची तब्येत बरी दिसली की टीव्ही बरा झाला. सख्ख्या भावाचं तोंड नबीसाबांनी इतक्या वेळा बघितलं नव्हतं. ते त्याला मनात चाचा म्हणायचे, आणि कधीकधी त्यानं टिचकी मारली की इकडे काउंटरवर स्वतःही एक मारायचे.

एकच गोष्ट होती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दहावीची शिकवणी चालायची. मास्तरांनी फार पूर्वी एकदा खाली येऊन हात जोडले होते. त्या दिवसापासून नबीसाब आवाज सुरुवातीला अर्धा मिनिट तपासत आणि मग बंद करून टाकत. त्यामुळे तेरा देशांच्या त्यांच्या पाहणीत आवाज नव्हता. हे त्यांना माहीत होतं, पण पंधरा वर्षांत विसरायला झालं होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांचा जावई गौस पोर्तुगालला गेला. गौस मूळचा इथल्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा. तिकडं गिमाराइश म्हणून गाव आहे, तिथंही टॉवेलच विणतात, आणि तिथले मागही मोडतात. मागोमाग मुलगी शगुफ्ता निघाली. तेव्हा पोटुशी होती, घाबरलेली होती. तिनं विचारलं, "अब्बा, कसा आहे तो मुलूख?"

"शांत," नबीसाब म्हणाले. "लई शांत देश. पाव गव्हाचा. लोक हसरे."

आठ दिवसांनी शगुफ्ताचा फोन आला. घरासमोर चर्च होतं आणि दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजत होती. तिला झोप नव्हती. नबीसाबांनी मनात आपली वीस मिनिटं पुन्हा चाळून बघितली. मग म्हणाले, "आमच्यात घंटा न्हवती."

नात तिकडंच झाली. इफ्रा. आता ती साडेतीन वर्षांची आहे आणि नबीसाबांनी तिला रोज बघितलेलं आहे. संध्याकाळी सहाला, तिकडची दुपार असते तेव्हा, ते फोन काउंटरवर सोल्डरिंगच्या पेस्टच्या डबीला टेकवून ठेवतात आणि पलीकडून इफ्रा बाळशाळेत काय झालं ते सांगते. तिला पहिला दात आला तो त्यांनी बघितला. ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा नेमकी रेंज गेली, पण दुसऱ्यांदा उभी राहिली ते बघितलं. एके दिवशी इफ्रानं त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि आईकडे वळून दखनी आणि पोर्तुगीज मिसळून काहीतरी विचारलं. शगुफ्ता हसायला लागली.

"काय म्हणते?"

"विचारते, नानाला पाय आहेत का."

तिनं नानाला कायम काउंटरमागे, छातीपर्यंतच बघितलेलं. सगळे हसले. नबीसाब सगळ्यांत जास्त हसले. मग दुसऱ्या दिवशी दिवसभर त्यांना ते आठवत राहिलं, आणि दर वेळी हसू थोडं कमी येत गेलं.

यंदा गौस रजेवर आला तो सासू-सासऱ्यांना घेऊन जायच्या तयारीनं. सायराबानूंनी, म्हणजे नबीसाबांच्या पत्नीनं, पासपोर्ट आधीच काढून ठेवला होता. नबीसाबांनी काढला नव्हता. अर्ज आणून दोन वर्षं झाली होती, आणि तो दुकानात टीव्हीच्या जुन्या रिमोटांच्या खाली होता.

घरात ती दोघं दखनीत बोलत. पण भांडण मराठीत व्हायचं, कारण सायराबानू वळसंगच्या. लहानपणी शेताच्या बांधावरची सगळी भांडणं त्यांनी मराठीतच ऐकलेली, त्यामुळे भांडायला दुसरी भाषा त्यांना सोयीची वाटत नसे.

"तुमी का येत न्हाय ते सांगा," सायराबानू म्हणाल्या.

"बघितलाय की मी."

"काय बघितलाय?"

"पोर्तुगाल. नदी बघितली, पूल बघितला, लाल छपरं बघितली. चाचाचा पाव बघितला. तू न्हाय बघितलास, तू जा."

"पोरीचं घर बघितलंत?"

"फोनवर बघतो की. स्वयंपाकघरातला नळ गळतोय ते मीच सांगितलं गौसला."

सायराबानूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "मक्केचं चोवीस तास टीव्हीवर दाखवतात. मग हजला कशाला जायचं म्हणताव? बघितलंय की."

नबीसाबांनी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या. ते दुकानात निघून गेले. दुकान उघडायला अजून दोन तास होते.

खरं कारण त्यांना माहीत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. त्यांना भीती वाटत होती. बेगम पेठेत बसून ते पोर्तुगालचे जाणकार होते. पोर्तुगालमध्ये उतरल्यावर ते फक्त बेगम पेठेचे जाणकार उरणार होते, आणि तिथं त्याला विचारतो कोण? संडास कुठं आहे हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागणार, तेही खुणेनं. तेरा देश पाठ असलेल्या माणसाला हे जड जातं.

सायराबानू गौसबरोबर एकट्या गेल्या. सोबत आप्पांच्या दुकानातल्या कडक भाकरीची चळत आणि चटणीचे चार डबे होते. नबीसाबांनी एकच काम सांगितलं. पाववाला पडद्यावर हसतो तिथं भाग थांबवून त्यांनी फोननं फोटो काढला, मोठा करून छापून आणला आणि पत्नीच्या हातात दिला. "ह्याला भेट. सतरा नंबरचं दार. सोलापूरच्या नबीसाबनं सलाम सांगितलाय म्हन. वळखणार न्हाय, पन सांग."

पुढचे अडीच महिने ते फोनवर रोज विचारत, चाचाकडं गेलीस का. सायराबानू रोज म्हणत, जाईन. मग एकदा म्हणाल्या, "जाऊन आले." मग म्हणाल्या, "आल्यावर सांगते." नबीसाबांना वाटलं, चाचानं काही भेट दिली असेल.

सायराबानू परत आल्या त्या नऊवारी पातळावर लोकरीचं जाकीट घालून, आणि त्या उतरल्यापासून पेठेची चौकशी त्यांच्याकडे वळली. त्यांना पोर्तुगालची राजधानी सांगता येत नव्हती. पण गिमाराइशमध्ये कुठल्या बाकावर सकाळी अकराला ऊन येतं, जिन्याची कितवी पायरी हलते, सोमवारी कचऱ्याची गाडी आली नाही तर वरच्या मजल्यावरची म्हातारी काय बोलते, हे त्या सांगत होत्या. आप्पांनी विचारलं, थंडी कशी असते? सायराबानू म्हणाल्या, "घरातली थंडी भाईरच्यापेक्षा वाईट. फरशीला पाय लावला की कळतं." नबीसाब ऐकत होते. त्यांच्या वीस मिनिटांत फरशी होती. निळी होती. गार आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

पाचच्या सुमाराला त्या दुकानात आल्या. फडक्यात बांधलेला एक पाव त्यांनी काउंटरवर ठेवला. तपकिरी, वर पीठ उडालेलं, भेगाळलेला. प्रवासात दगड झाला होता. नबीसाबांनी तो लगेच ओळखला आणि बोटानं टिचकी मारली.

"गव्हाचा न्हाय तो," सायराबानू म्हणाल्या. "मक्याची भाकरी हाय, फुगवलेली. एक घास खाल्ला आणि कळलं."

"चाचानं दिला?"

सायराबानू स्टूल ओढून बसल्या. "चाचाला जाऊन नऊ वर्षं झाली."

मागे एक टीव्ही टेस्टिंगला लावलेला होता. त्यावर मोरोक्को चालू होता. नबीसाब उंटांकडे बघत राहिले.

सायराबानूंनी सगळं सांगितलं. शगुफ्ताबरोबर आगगाडीनं पोर्टोला गेल्या. वर पाणपक्षी असले ओरडत होते की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. बोळ सापडला, सतरा नंबर सापडला. दुकान चालू होतं, आत त्याची मुलगी होती. शगुफ्ताला आता तिकडची भाषा येते, तिनं फोटो पुढे केला. मुलीनं फोटो हातात घेतला आणि मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून तिनं फोटोत बोट ठेवलं आणि विचारलं, हा दुसरा माणूस कोण? टीव्हीच्या काचेत नबीसाब दिसत होते, दोन्ही हातांत फोन धरलेले, चाचाच्या खांद्यामागे उभे असल्यासारखे.

"मग तू काय सांगितलंस?"

"माझा मालक हाय म्हनून सांगितलं. तिनं फोटो भिंतीला लावला. तुमी हाव तिथं आता, चाचाबरोबर." सायराबानूंनी पदरानं काउंटरवरची धूळ पुसली. "तिला सात वर्षांचा पोरगा हाय. त्यानं आजा बघितलेला न्हाय. टीव्हीवाले आले, शूटिंग करून गेले, परत काय दाखवलं न्हाय म्हनाली. त्यांच्याकडं त्याचा हलता-चालता तुकडाच न्हाय. तुमच्याकडचा द्या म्हनाली. आवाजासकट."

नबीसाबांनी हिशेब केला. नऊ वर्षं मेलेल्या माणसाच्या गालांवर ते पेठेचे टीव्ही लावत होते, आणि त्याची तब्येत दर वेळी बरी दिसत होती. त्यांना एकदम दुःख झालं. ज्याला आपली ओळखही नव्हती अशा माणसासाठी इतकं दुःख व्हावं याचं त्यांना नवल वाटलं, पण ते झालं.

त्यांनी पोर्तुगाल लावला. दहाव्या मिनिटाला आवाज वाढवला. वर शिकवणीत बाकं सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. निवेदक इंग्रजीत भरभर बोलत होता, मागे पक्षी केकाटत होते. अकराव्या मिनिटाला चाचानं पाव काढला, टिचकी मारली, आणि निवेदक श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात दोन शब्द बोलून हसला. आवाज खरखरीत होता, तंबाखू खाणाऱ्या माणसासारखा. पंधरा वर्षांत नबीसाबांनी त्याचा आवाज गोड धरला होता.

"काय म्हनाला?" त्यांनी विचारलं.

"मला काय म्हाईत. पोरगा सांगंल त्यांचा. एवढं तरी बघंल आज्याला बिचारा." असं म्हणून सायराबानूंनी नबीसाबांकडे बघितलं, मग काउंटरवरच्या फोनकडे.

तो तुकडा गौसच्या फोनवर रवाना झाला. तोवर सहा वाजले आणि इफ्राचा फोन आला. नबीसाबांनी तिचं बाळशाळेचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थांब. नानाचे पाय दाखवतो."

त्यांनी फोन उलटा फिरवून रस्त्याकडे तोंड करून डबीला टेकवला, काउंटरची फळी उचलली आणि पुढे जाऊन उभे राहिले.

"नुसतं पोट दिसतंय," फोनजवळ बसलेल्या सायराबानू म्हणाल्या.

नबीसाब एक पाऊल मागे सरकले. आता छातीपासून गुडघ्यापर्यंत दिसत होतं. ते दुकानाची पायरी उतरले. डोकं आलं, पण पाय पायरीच्या आड गेले. ते आणखी मागे सरकत रस्त्यावर आले. एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, मग चाचपडत मागे येणारे नबीसाब बघून बंद केला. आप्पा भाकरीचं दुकान सोडून बाहेर आले, आणि काय चाललंय हे न विचारता त्यांनी हात करून दोन मोटारसायकली थोपवल्या. नबीसाब उलट्या पावलांनी समोरच्या शटरला जाऊन टेकले. तिथं ते पहिल्यांदा टोपीपासून चपलांपर्यंत अख्खे मावले. त्यांनी पायजमा घोट्याच्या वर धरला आणि एकेक पाय उचलून दाखवला.

फोनमध्ये इफ्रा डोळे बारीक करून बघत होती.

"दिसले का?" नबीसाबांनी तिकडून ओरडून विचारलं.

सायराबानूंनी नातीचं म्हणणं ऐकलं. त्यांनी हात करून नबीसाबांना परत बोलावलं. नबीसाब रस्ता ओलांडून, पायरी चढून, धापा टाकत काउंटरपाशी आले तेव्हा फोन बंद झाला होता.

"काय म्हनाली?"

"म्हनाली, पाय हायत. पन तो नाना न्हाय. तो कुनीतरी लहान मानूस हाय लांबचा."

नबीसाब स्टुलावर बसले. मोटारसायकली गेल्या, रिक्षा गेली, आप्पा परत भाकऱ्या रचायला लागले. टीव्हीवर पोर्तुगाल संपून जपान लागला होता, आणि आवाज चालूच राहिला होता. नबीसाबांनी तो बंद केला नाही. थोड्या वेळानं त्यांनी खाली वाकून रिमोटांचा खोका ओढला, तळातून अर्ज काढला आणि फुंकर मारून धूळ उडवली.

"ह्याला फोटो कसला लागतो?"

"छातीपर्यंतचा," सायराबानू म्हणाल्या.

नबीसाबांनी अर्जातल्या रिकाम्या चौकटीकडे बघितलं. "म्हंजे तितंबी पाय न्हाईत."

"न्हाईत," सायराबानू म्हणाल्या. "पाय तुमी सोबत न्यायचे."